झाडाखालच्या भांड्यातलं पाणी आणि जंगलाचा जमाखर्च

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पानझडी जंगलाच्या कडेला मोकळ्यावर एक आणि झाडांखाली एक, अशी दोन भांडी तुम्ही पावसात ठेवलीत. मोकळ्यावरच्या पाण्याची विद्युतवाहकता (पाण्यात विरघळलेले क्षार जितके जास्त, तितकी ती जास्त) 15 मायक्रोसीमेन्स आली, झाडाखालच्या पाण्याची 60. पालापाचोळ्यातून झिरपलेलं पाणी तर चहाच्या रंगाचं होतं. त्यावरून तुम्ही विचारता, की दर पावसात जंगल असं धुऊन निघत असेल तर ते टिकतं कसं? आणि पाऊस वाढला तर जंगलाची जमीन निकस होत जाईल का?

तुमची मोजणी बरोबर आहे. अडचण तिच्या अर्थात आहे. झाडाखालच्या भांड्यात सापडतं ते पानांकडून जमिनीकडे निघालेलं द्रव्य. ते जंगलाबाहेर गेलं की नाही, हे त्या भांड्याला कळत नाही. त्यानंतर त्या पाण्याला पाचोळा, बुरशीचं जाळं, बारीक मुळं, ह्यूमस (कुजून मातीत मिसळलेला सेंद्रिय पदार्थ) आणि चिकणमाती ओलांडायची असते, आणि यांतला प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो. जंगलातल्या पावसाच्या आणि मातीतल्या पाण्याच्या मोजण्या करत मी बरीच वर्षं घालवली. त्यातून माझं मत असं झालं आहे, की किती द्रव्य वाहिलं यापेक्षा ते वाहताना मुळं जागी होती का, हा प्रश्न आधी विचारावा. पानझडी जंगलात तर याच प्रश्नावर सगळं ठरतं, कारण ही झाडं वर्षातले काही महिने बिनपानांची उभी असतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पाण्याच्या वाटा सगळीकडे सारख्या असल्या तरी प्रमाणं जागेप्रमाणे बदलतात. झाडांची जात, मातीचा पोत, खालचा खडक, हवेतली धूळ आणि आम्ल, जंगलाचं वय आणि पाऊस नेमका कोणत्या महिन्यांत पडतो, हे सगळं त्यात येतं. म्हणून खाली दिलेले आकडे तुमच्या जंगलाला जसेच्या तसे लावू नका. तर्क मात्र लावता येईल.

सुरुवात पानांपासून करू. झाडं भरात असताना पडलेल्या पावसापैकी साधारण 70 ते 90 टक्के पाणी पानांच्या फटींतून थेट किंवा पानांवरून ठिबकत खाली येतं. थोडं, बहुधा काही टक्केच, फांद्यांवरून खोडावर येऊन ओघळतं. उरलेलं पानांवरच सुकून हवेत परत जातं. या सुकण्याकडे लोकांचं दुर्लक्ष होतं. समजा 20 टक्के पाणी वर सुकलं, तर झाडाने एक कणही न देता उरलेलं पाणी सव्वापट दाट होतं. तुमचे 15 मायक्रोसीमेन्स एवढ्यानेच 19 च्या आसपास जातात. म्हणून नुसती दाटी मोजून भागत नाही, पाणी किती आलं तेही मोजावं लागतं. हिशोब सोपा आहे. हेक्टरभर जमिनीवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 10,000 लिटर. तेव्हा लिटरमागे 1 मिलिग्रॅम असलेलं 100 मिलिमीटर पाणी हेक्टरी 1 किलो द्रव्य आणतं. हे गणित लक्षात राहिलं की कुठलाही आकडा स्वतः तपासता येतो.

आता 19 पासून 60 पर्यंतची वाढ आली कुठून? दोन ठिकाणांहून, आणि त्यांचा अर्थ एकमेकांच्या अगदी उलट आहे.

पहिलं ठिकाण म्हणजे पानांची बाहेरची बाजू. दोन पावसांमधल्या कोरड्या दिवसांत पानांवर धूळ, धुराचे कण, परागकण आणि समुद्राकडून आलेलं मीठ बसत राहतं. वायुरूपातली गंधकाची आणि नत्राची संयुगंही तिथे चिकटतात. पावसाचे पहिले काही मिलिमीटर हे सगळं धुऊन खाली आणतात. एकाच सरीचं पाणी ओळीने वेगवेगळ्या बाटल्यांत धरलंत तर पहिली बाटली सर्वांत दाट निघते आणि पुढे दाटी भराभर उतरते. हे द्रव्य झाडाने गमावलेलं नाही. ते बाहेरून आलेलं आहे, म्हणजे जमेच्या बाजूचं आहे. झाडांनी ते हवेतून गाळून घेतलं आणि पावसाने जमिनीवर पोचवलं.

दुसरं ठिकाण पानाच्या आत आहे. इथे प्रत्येक मूलद्रव्याचा स्वभाव वेगळा. पोटॅशियम, म्हणजे शेतीच्या भाषेतलं पालाश, पेशीरसात सुट्या आयनांच्या, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांच्या, रूपात फिरत असतं. ते कुठल्याही मोठ्या रेणूच्या बांधणीत अडकलेलं नसतं, त्यामुळे पान भिजलं की सहज सुटतं. मॅग्नेशियमचा काही भाग हरितद्रव्यात असतो, ते त्याहून कमी सुटतं. कॅल्शियम बरंचसं पेशींच्या भिंतींत आणि ऑक्झॅलेटच्या स्फटिकांत बांधलेलं असतं. नत्र प्रथिनांत असतं. म्हणून बऱ्याच पानझडी जंगलांत वर्षभरात जमिनीवर परतणाऱ्या पोटॅशियमचा मोठा वाटा पाण्यातून येतो, अनेकदा पडलेल्या पानांतून येणाऱ्यापेक्षाही जास्त. कॅल्शियम, नत्र आणि स्फुरद मुख्यतः पानगळीतून परततात. तुमच्या 60 मध्ये पोटॅशियमचा हिस्सा मोठा असणार, हे प्रयोगशाळेत न जाताही मी म्हणू शकतो.

पाऊस आम्लधर्मी असेल तर आणखी एक देवघेव होते. पावसातला हायड्रोजन आयन पानावर अडकतो आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतं. म्हणूनच अशा भागांत रुंदपानी झाडांखाली ठिबकणारं पाणी पुष्कळदा मूळ पावसापेक्षा कमी आम्ल असतं. इथे वाहकतेचा मीटर फसवतो, हे ध्यानात ठेवा. हायड्रोजन आयन पोटॅशियमच्या जवळजवळ पाचपट वीज वाहतो. त्यामुळे जिथे पाऊस आम्ल आहे तिथे झाडाखालच्या पाण्यात पोषकद्रव्यं वाढूनही मीटरवरचा आकडा तेवढाच राहील, कदाचित उतरेलही. वाहकतेसोबत सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

धुतलेलं किती आणि पानातून निघालेलं किती, हे वेगळं कसं करायचं? जर्मनीतल्या सोलिंगच्या जंगलांत काम करणारे गॉटिंगेनचे मृदाशास्त्रज्ञ बर्नहार्ड उलरिच यांनी यासाठी सोडियमचा आधार घेतला. सोडियम पानातून जवळजवळ सुटत नाही आणि पान ते फारसं शोषतही नाही. तेव्हा वर्षभरात झाडाखाली पोचलेलं एकूण सोडियम मोकळ्यावर पडलेल्याच्या दीडपट निघालं, तर ती अर्धीपट वाढ हवेतून बसलेल्या कणांची. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे कणही त्याच प्रमाणात बसले असं धरून ते वजा केलं, की उरतं ते पानातून निघालेलं. पद्धतीत गृहीतक आहे, कारण सगळे कण एकाच आकाराचे नसतात. तरीही जमेची आणि फिरत्या मालाची बाजू वेगळी करण्यासाठी मी आजही आधी तीच वापरतो.

नत्राचं वागणं आणखी वेगळं आहे. पानं आणि त्यांच्यावर राहणारे सूक्ष्मजीव पावसातला अमोनियम आणि काही प्रमाणात नायट्रेट, ही नत्राची विरघळणारी रूपं, स्वतःच उचलतात. त्यामुळे स्वच्छ हवेच्या भागात झाडाखालच्या पाण्यात खनिज नत्र मोकळ्यावरच्यापेक्षा कमीही सापडतो. जंगलाला नत्राची किती भूक आहे, याची ती एक खूण समजा. मात्र पानं खाणाऱ्या अळ्यांची धाड आली असेल तर त्यांची विष्ठा आणि कुरतडलेल्या पानांतून झिरपणारा रस यांमुळे चित्र बदलतं. अशा वर्षाचे आकडे मी नेहमीच्या वर्षांच्या सरासरीत मिसळत नाही.

ऋतूप्रमाणे पानही बदलतं. कोवळं, मेणाचा थर शाबूत असलेलं पान कमी सोडतं. पिकत चाललेलं पान सर्वांत जास्त सोडतं, कारण पेशींची पटलं सैल होत असतात. त्याच काळात झाड मागे ओढून घेण्याचं कामही करत असतं. गळण्यापूर्वी पानातला साधारण निम्मा किंवा त्याहून अधिक नत्र आणि स्फुरद फांद्यांत आणि खोडात परत घेतला जातो. कॅल्शियम मात्र परत घेता येत नाही, ते गळणाऱ्या पानाबरोबर जातं. पानं पिकण्याच्या दिवसांत जोराचा पाऊस झाला तर झाडाची आणि पावसाची जणू शर्यत लागते, आणि पोटॅशियमच्या बाबतीत ती बहुधा पाऊस जिंकतो.

खोडावरून ओघळणारं पाणी एकूण हिशोबात किरकोळ दिसतं. बुंध्याशी उभं राहून पाहिलं तर ते किरकोळ नाही. बीचसारख्या गुळगुळीत सालीच्या आणि वर चढत्या फांद्यांच्या झाडावर सगळं छत नरसाळ्यासारखं काम करतं. खरबरीत, जाड सालीचं झाड तेच पाणी सालीतच मुरवतं. नरसाळ्यासारख्या झाडाच्या बुंध्याशी वीतभर पट्ट्यात आसपासच्या जमिनीच्या कितीतरी पट पाणी पडतं आणि मुळांच्या कडेकडेने ते झपाट्याने खोल जातं. मातीचे नमुने घेताना बुंध्यापासून किती अंतरावरून घेतले ते लिहिलं नसेल, तर मी त्या आकड्यांवर विश्वास ठेवत नाही.

आता जमिनीवर येऊ. पडलेल्या पानात उरलेलं पोटॅशियम पहिल्या काही पावसांतच बहुतेक निघून जातं, पान कुजायच्या आधीच. नत्र आणि स्फुरद याच्या उलट वागतात. कुजवणारी बुरशी आधी बाहेरून नत्र ओढून पानात साठवते आणि बऱ्याच काळाने सोडते. तुम्ही पाहिलेला चहाचा रंग विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांचा, टॅनिनसारख्या संयुगांचा आहे. ते पाहून माती वाहून चालली असं वाटतं. पण त्याच जंगलातल्या ओढ्याचं पाणी उन्हाळी किंवा शांत दिवसात पाहा, ते बहुधा नितळ दिसेल. मधल्या खनिज मातीतली लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं हा रंग धरून ठेवतात. पाचोळ्याखालून निघालेलं तपकिरी पाणी मीटरभर माती ओलांडेपर्यंत जवळजवळ रंगहीन होतं.

धनभारित आयन, म्हणजे पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, चिकणमातीच्या आणि ह्यूमसच्या ऋणभारित पृष्ठभागांना चिकटतात. म्हणून ते पाण्याबरोबर सहज जात नाहीत. ते जातात तेव्हा त्यांना कुणीतरी ओढून नेलेलं असतं. पाण्यात धन आणि ऋण भार सारखेच असावे लागतात. नायट्रेट, सल्फेट किंवा बायकार्बोनेट खाली निघाला की त्याच्या जोडीला एखादा धनभारित आयन जावाच लागतो. जंगलाचा तोटा समजून घ्यायचा असेल तर या ऋणभारित आयनांवर नजर ठेवा. त्यातला नायट्रेट सर्वांत बोलका, कारण तो माती फारशी धरत नाही, त्याला धरतात ती मुळं आणि सूक्ष्मजीव. नायट्रेट ओढ्यात दिसला याचा अर्थ वाटेत त्याला उचलणारं कोणी नव्हतं.

हे किती खरं आहे ते अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमधल्या हबर्ड ब्रुक इथे दिसलं. तिथे मेपल, बीच आणि बर्चचं पानझडी जंगल आहे. 1963 पासून जीन लायकन्स, हर्बर्ट बोरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोट्या पाणलोटांत येणारा पाऊस आणि बाहेर पडणारा ओढा, दोन्ही मोजायला सुरुवात केली. 1965 च्या अखेरीस त्यांनी एका पाणलोटातली सगळी झाडं तोडली, लाकूड जागेवरच ठेवलं आणि पुढचे तीन उन्हाळे तणनाशक फवारून काही उगवू दिलं नाही. पाऊस नेहमीसारखाच पडला, माती तीच होती. फक्त मुळं काम करेनाशी झाली. ओढ्याचं पाणी पहिल्या वर्षी सुमारे 40 टक्क्यांनी वाढलं. नायट्रेटची दाटी शेजारच्या अबाधित पाणलोटाच्या तुलनेत पहिल्या वर्षी सुमारे 40 पट आणि दुसऱ्या वर्षी 50 पटीहून अधिक झाली. पोटॅशियम पंधरापटीहून अधिक, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम चारपटीहून अधिक वाढलं. तुमच्या प्रश्नाला याहून थेट उत्तर मला माहीत नाही. पानांवरून धुतलं जाणारं द्रव्य तर तिथे उरलंच नव्हतं, तरी तोटा अनेक पटींनी वाढला.

त्याच ठिकाणच्या न तोडलेल्या जंगलात मला त्याहून महत्त्वाची वाटणारी एक गोष्ट दिसली. वाढीच्या मोसमात ओढ्यात नायट्रेट जवळजवळ नव्हता. पानं गेल्यावर, हिवाळ्यात आणि बर्फ वितळण्याच्या वेळी तो वर चढायचा. पानं नसली की झाड पाणी ओढत नाही, माती भरलेली राहते, येणारं पाणी सरळ खाली जातं आणि सूक्ष्मजीवांनी मोकळा केलेला नत्र उचलायला मुळं तयार नसतात. समशीतोष्ण पानझडी जंगलाची गळती या खिडकीतून होते. झाडांना पालवी फुटण्याआधी जमिनीवर काही आठवडेच उगवणाऱ्या छोट्या वनस्पती ती खिडकी थोडी बंद करतात, असं रॉबर्ट म्युलर आणि बोरमन यांनी 1976 मध्ये मांडलं. नंतरच्या कामांत मातीतले सूक्ष्मजीव त्या वेळी या वनस्पतींपेक्षाही जास्त नत्र धरतात असं आढळलं. श्रेय कुणाचंही असो, वसंतात कोणीतरी जागं असावं लागतं.

उष्ण प्रदेशातल्या कोरड्या पानझडी जंगलात हेच घड्याळ उलटं फिरतं, आणि बहुतेक पुस्तकं समशीतोष्ण जंगलांवरून लिहिली गेल्यामुळे हा फरक नजरेतून सुटतो. तिथे झाडं पाण्याच्या टंचाईमुळे पानं टाकतात, म्हणजे बिनपानांचा काळ कोरडा असतो. झाडं झोपलेली असताना वाहून नेणारं पाणीच नसतं. पाचोळा आणि धूळ महिनोन्‌महिने साचते आणि पहिला पाऊस त्या साठ्यावर पडतो. शिवाय कोरडी माती अचानक ओली झाली की सूक्ष्मजीवांचं काम उसळतं आणि नत्र भराभर मोकळा होतो. एच. एफ. बर्च यांनी 1958 मध्ये याचं नीट वर्णन केलं, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. पहिल्या पावसाचं पाणी त्यामुळे भलतंच दाट असतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं की आता सगळं गेलं. पण वाळलेली माती ते पाणी आधी स्वतःत भरून घेते. मुळांच्या थराखाली फार थोडं उतरतं, आणि तेवढ्यात नवी पालवी आणि नवी केशमुळं येतात. खरी गळती पुढे, माती पूर्ण भिजून पाणी खाली सरकू लागल्यावर होते, आणि तोवर झाडं भरात आलेली असतात. उताराच्या जागी पहिलाच पाऊस धो-धो आला आणि पाणी मुरण्याआधी पृष्ठभागावरून वाहिलं, तर मात्र पाचोळ्यासकट साठा जातो. हा धोका मी गंभीर मानतो, विशेषतः जिथे पाचोळा जळालेला किंवा गोळा करून नेलेला असतो.

थोडक्यात इथवरचं: झाडाखालची वाढलेली दाटी थोडी सुकण्याची, थोडी हवेतून मिळालेल्या कणांची आणि उरलेली पानातून सुटून पुन्हा मुळांकडे जाणाऱ्या द्रव्याची. तोटा मुळांच्या थराखाली मोजायचा असतो, आणि तो पाणी नि जागी मुळं यांची वेळ चुकली की वाढतो.

मग जास्त पावसाने जंगल निकस होतं का? अतिशय दीर्घ काळात, हजारो वर्षांत, जास्त पावसाच्या जुन्या जमिनी कॅल्शियम आणि स्फुरदाने गरीब होतात, हे खरं. पण एखाद्या वर्षी 20 टक्के पाऊस वाढला म्हणून तोटा 20 टक्क्यांनी वाढेलच असं नाही. काही द्रव्यं पातळ होतात, आणि पाणी वाढल्याने खडकाची झीज होऊन नवं खनिजही मोकळं होतं. मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पट असतो, त्याचं सौम्य आम्ल हे काम सतत करत असतं. पावसाच्या मापापेक्षा पावसाच्या रसायनाने जास्त नुकसान केल्याचं उदाहरण पुन्हा हबर्ड ब्रुकचंच आहे. आम्लवर्षेतल्या सल्फेट आणि नायट्रेटने तिथल्या मातीतलं कॅल्शियम काही दशकं ओढून नेलं. 1999 मध्ये एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने कॅल्शियम सिलिकेट पसरल्यावर तिथल्या शुगर मेपलची स्थिती सुधारली.

जंगलाचं वयही विसरू नका. वाढतं जंगल नवं लाकूड बांधत असतं, त्यामुळे ते पोषकद्रव्यं घट्ट धरतं. वाढ थांबलेलं जुनं जंगल जवळजवळ जेवढं घेतं तेवढं सोडतं. पीटर विटूसेक आणि विल्यम रायनर्स यांनी 1975 मध्ये हे मांडलं. तेव्हा जुन्या जंगलाच्या ओढ्यात थोडा नायट्रेट सापडला तर घाबरू नका.

तुम्हाला हे पुढे न्यायचं असेल तर झाडांखाली एका भांड्यावर भागवू नका. दोन हातांच्या अंतरावर पाणी दुप्पट-तिप्पट बदलतं. निदान वीस नरसाळी ठेवा, मधूनमधून त्यांच्या जागा बदला आणि प्रत्येकातलं पाणी आकारमानाने मोजून मग एकत्र करा. बाटल्या अपारदर्शक हव्यात, नाहीतर शेवाळ वाढून नत्र-स्फुरद खाऊन टाकतं. एखाद्याच बाटलीत स्फुरद आणि अमोनियम एकदम उसळलेला दिसला तर आधी पक्ष्याची विष्ठा पडली का ते पाहा आणि तो नमुना बाजूला काढा. मी हे न करता एका मोसमाचे स्फुरदाचे आकडे गमावले आहेत. नमुना लवकर गाळून थंड ठेवा.

आणि तिसरं भांडं ओढ्यावर ठेवा, किंवा मुळांच्या थराखालून पाणी ओढून घेणारी सच्छिद्र नळी पुरा. तिथे नायट्रेट, पोटॅशियम आणि सामू महिन्यातून दोनदा, वर्षभर मोजा. प्रत्येक नोंदीसमोर त्या दिवशी झाडांवर किती पानं होती तेही लिहा. पहिल्या वर्षाचे आकडे हातात आले की कळवा, तुमच्या 15 आणि 60 चा अर्थ आपण पुन्हा लावू.